नऊ चाळीसचा चंद्र

बस डेपोत वेळापत्रक लिहिणारी सून आणि त्याच डेपोत चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले सासरे एका छपराखाली राहायला लागले की काय होतं, ते बघायचं असेल तर या घरात एक संध्याकाळ काढावी. करमणूक फुकट. सासऱ्यांनी जन्मभर वेळापत्रकाला शिव्या घातल्या होत्या, आणि नोकरीची शेवटची सहा वर्षं तर ज्या वेळापत्रकाला शिव्या घातल्या ते खुद्द सुनेच्या अक्षरातलं होतं.

"पंख्याखाली बसून वेळा लिहिता तुम्ही," ते म्हणायचे. "सिग्नल काय तुमचा मामेभाऊ लागतो, तुमची बस बघून हिरवा व्हायला?"

"आणि मधल्या स्टॉपवर चहा प्यायला उतरता, ते कोणत्या रकान्यात लिहू, बाबा?" ती विचारायची.

डेपोत तिला सगळे मिनिटबाई म्हणत. उगाच नाही. ती डबा एक वाजून दहा मिनिटांनी उघडायची आणि एक पस्तीसला बंद करायची. दहा वर्षांत कामाची वेळ संपायच्या आत ती एकदाही खुर्चीवरून उठली नव्हती. लग्नाच्या वेळी नवरा अकरा मिनिटं उशिरा आला होता, ते ती अजून विसरलेली नाही, आणि त्या बिचाऱ्यालाही विसरू देत नाही. नवरा शीतगृहात पहाटेच्या पाळीला होता. साडेपाचला निघायचा, तीनला परतायचा, आणि दिवसभर मुकाट्याने सामान हलवून आल्यामुळे घरात ही दोघं बोलत असली की गालात हसत बसायचा.

तर अशा या घरात दोन महिन्यांपूर्वी सासरे न्हाणीघरात साबणावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. भेटायला येणाऱ्यांना ते वेगवेगळं सांगत. कुणाला म्हणाले कुत्रं आडवं आलं, कुणाला म्हणाले एका म्हातारीला सावरताना पडलो. साबणाचं नाव त्यांनी काढलं नाही. एवढी मोठी गाडी चौतीस वर्षं गर्दीतून एक ओरखडा न काढता नेलेला माणूस साबणाच्या वडीने पाडला, ही गोष्ट त्यांच्या फारच जिव्हारी लागली होती.

ऑपरेशन चांगलं झालं. हाड जुळलं. पण सासरे काही उठेनात. पुढच्या खोलीत, शाळेकडे उघडणाऱ्या खिडकीशी त्यांचा पलंग लावला होता आणि त्या पलंगाला ते असे चिकटले, की विचारू नका. वॉकर पलंगाशेजारी कोरा करकरीत उभा. व्यायामवाल्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. मोठ्या कडक बाई. त्या आल्या की सासरे दोघांच्या आधाराने उभे राहायचे, दहा मोजायचे आणि चेहरा पांढराफटक पडला की बसायचे. एका सोमवारी बाईंनी सुनेला दाराबाहेर बोलावलं.

"हाडाचं काम झालंय," त्या म्हणाल्या. "आता सगळं अडलंय ते भीतीत. यांनी महिनाभरात चालायला सुरुवात केली नाही, तर पायातली ताकद जाईल. मग मनात आलं तरी चालता येणार नाही. हे पलंगावरचे ते पलंगावरचेच राहतील."

मिनिटबाई आत आली. सासरे तिच्याकडे न बघता म्हणाले, "ऐकलं मी. दार बंद केलं तरी त्या बाईंचा आवाज इंजिनासारखा आहे." आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्या संध्याकाळी खिडकीत चंद्र आला. शाळेच्या छपरावरून वर निघाला, भलामोठा, वाटोळा. सासरे बराच वेळ बघत राहिले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन हाक मारली. "अगं, ए! इकडे ये. बघ कसा झोकात आलाय."

तिने आधी चंद्राकडे बघितलं, मग सवयीने घड्याळाकडे. सात वाजून पाच मिनिटं.

मंगळवारी सासरे सात वाजल्यापासून उशा रचून तयार. सात-पाच झाले, सात-दहा झाले, सव्वासात झाले. शाळेचं छप्पर रिकामंच. "आज सुट्टी दिसतेय," ते म्हणाले आणि हिरमुसले. आठला पाच कमी असताना तो आला, तोही कालच्या जागेपासून जरा बाजूला सरकून.

"पन्नास मिनिटं लेट!" मिनिटबाईच्या तोंडून निघालं.

"लगेच लेट! रस्त्यात काय झालं असेल याची चौकशी केलीस का?" सासऱ्यांनी तत्काळ चंद्राची बाजू घेतली. ड्रायव्हरांची बाजू घेण्याची जुनी खोड.

बुधवारी तो पावणेनऊला उगवला. तिने डेपोतल्या कोऱ्या तक्त्यांपैकी एक घरी आणला होता, त्यात लिहून टाकलं. रोज पन्नास मिनिटं. एखादा ड्रायव्हर कधी पाच मिनिटं उशीर करतो, कधी वीस. रोज मोजून पन्नास मिनिटं उशीर करणारा तिने आजवर पाहिला नव्हता. हा उशीर नसून दुसरंच काहीतरी आहे, अशी शंका तिला तेव्हाच यायला हवी होती. पण वेळापत्रकवाल्यांचं एक असतं, तक्ता भरला की त्यांना वाटतं समजलं.

गुरुवारी पंचाईत झाली. सासऱ्यांची गोळी रात्री नऊची, ती घेतली की पंधरा मिनिटांत डोळे मिटायचे. चंद्र साडेनऊनंतर येणार. ते डोळे ताणून ताणून जागे राहायला बघत होते, शेवटी म्हणाले, "जाऊ दे. तोही गेला," आणि घोरायला लागले. 'तोही' हा शब्द सुनेला फार लागला. तीन संध्याकाळी त्या माणसाने वाट बघायला घेतली होती कशाची तरी, आणि तेवढंही निसटलं.

शुक्रवारी सकाळी ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती. स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला. तिथली खिडकी गल्लीपलीकडच्या लाँड्रीकडे उघडते. लाँड्रीची गच्ची, गच्चीला एक उंच चिमणी. आणि त्या चिमणीच्या टोकावर, ऊन पडलेलं असताना, निळ्या आभाळात चंद्र. फिकट, एका बाजूने झिजलेला, पण चंद्रच.

चहा उतू गेला. ती घड्याळ बघून ओरडली, "सात दहा!" आणि धावत पुढच्या खोलीत गेली. "बाबा, तो गेलेला नाही! मागच्या खिडकीत आहे!"

"कोण?"

"चंद्र!"

"सकाळी सकाळी?" सासऱ्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तक्ते लिहून लिहून तुझ्या डोळ्यांचं वाटोळं झालंय. दिवसा चंद्र दिसत असता तर मला दिसला नसता? चौतीस वर्षं मी समोरच्या काचेतून बाहेर बघत होतो."

"समोर बघत होता. वर नाही."

"वर बघून बस चालवतात का?"

तिने फोनवर फोटो काढून आणला. सासऱ्यांनी फोन हातभर लांब धरून पाहिला. "हा कुठल्याही संध्याकाळचा असेल. फोटोवर मी विश्वास ठेवत नाही. लायसनवरचा माझा फोटो बघ, मी आहे का त्यात कुठे?"

"मग चला आणि बघा."

हे बोलून झालं आणि मग तिने अंतर मोजलं. पलंगापासून मागच्या खिडकीपर्यंत चौदा पावलं होती. चाकांची खुर्ची तिथवर जात नव्हती, मधल्या बोळात फ्रिजपाशी तिला वळायला जागा नव्हती. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर तोच पांढरेपणा आला. पण आता गाठ वेळापत्रकवालीशी होती.

"आज नको," ते म्हणाले. "आता तो काय थांबलाय होय माझ्यासाठी. उद्या कधी येतो म्हणतेस?"

तिने पन्नास मिनिटं मिळवली. "उद्या बरोबर आठ वाजता. त्याच चिमणीवर."

"आणि नाही आला तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

सासऱ्यांच्या डोळ्यांत दोन महिन्यांनी चमक आली. "एक कागद लिहायचा. 'वेळापत्रक लिहिणाऱ्यांना रस्त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही.' खाली तुझी सही. आणि डेपोच्या फळ्यावर लावायचा, सगळ्या ड्रायव्हरांना दिसेल असा."

"कबूल. पण तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं."

"कबूल!" सासरे गरजले. दुपारी नवऱ्याला हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, की बाबा एवढे शेवटचे गरजले ते त्याच्या दहावीच्या निकालाला.

शनिवारी नवऱ्याला सुट्टी होती. पावणेआठला मुलगा एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला, मधे वॉकर धरून सासरे. चौदा पावलांना नऊ मिनिटं लागली. पाचव्या पावलाला ते थांबले. फ्रिजपाशी पुन्हा थांबले, कपाळावर घाम आला होता, पाय थरथरत होते. सून म्हणाली, "राहू दे का, बाबा?" तर म्हणाले, "तुला कागद लिहायचा नाहीये म्हणून म्हणतेस." आणि पुढचं पाऊल टाकलं. ते पाऊल बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने फ्रिजचं दार उगाच उघडून त्याच्याआड लपवलं.

आठ वाजले. आभाळ ढगांनी गच्च भरलेलं.

"हं!" सासरे म्हणाले. खिडकीचा गज धरून उभे होते, धापा टाकत होते, आणि इतके खूश की जणू सगळे सिग्नल एका दमात हिरवे मिळाले. "कागद आण. पेन आण."

"ढगांमुळे दिसत नाही, बाबा. फेरी रद्द झालेली नाही. धुक्यात बस दिसली नाही, तर बस निघालीच नाही म्हणता का तुम्ही?"

सासरे विचारात पडले. हा मुद्दा ड्रायव्हरच्या बाजूचा होता, त्यामुळे तो त्यांना नाकारता येईना. धुक्यात त्यांनी किती वेळा गाडी वेळेवर आणली होती आणि चौकशीच्या खिडकीवरचा माणूस लोकांना 'गाडी नाही' म्हणून सांगत बसला होता.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "उद्या पुन्हा. किती वाजता?"

"आठ पन्नास."

रविवारी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. या खेपेला चौदा पावलांना सहा मिनिटं लागली. सुनेचा हात मात्र त्यांनी दंडाशी घट्ट धरून ठेवलेला, बोटांचे वळ उठतील इतका. खिडकीशी पोचले आणि मान वर केली.

चिमणीच्या टोकाशी चंद्र होता. अर्ध्याहून थोडा जास्त, उन्हात पुसट झालेला. लाँड्रीच्या गच्चीवर एक कावळा बसला होता आणि त्याला कशाचंच सोयरसुतक नव्हतं.

सासऱ्यांनी डोळे बारीक केले. मिनिटबाईला वाटलं, पाय दुखतोय. तिने नवऱ्याला स्टूल आणायची खूण केली. तेवढ्यात ते म्हणाले, "गोल फेरी."

"काय?"

"अगं, आपली गोल फेरीची बस. डेपोतून निघते, गावाला वळसा घालून पुन्हा डेपोत येते. समज, मी निघालो तेव्हा एक बाई फुटपाथवरून चालल्यात. मी जातोय त्याच बाजूला. मी आख्खी फेरी मारून परत त्याच जागी आलो. बाई तिथेच असतील का?"

"छे. पुढे गेल्या असतील."

"म्हणजे त्यांना गाठायला मला थोडी आणखी गाडी हाणावी लागणार. बरोबर? बस म्हणजे आपण. ही जमीन, हे घर, तू, मी, ती लाँड्री, सगळे बसलोय आणि चोवीस तासांत एक फेरी मारतोय. आणि तो," त्यांनी हनुवटीनेच चंद्र दाखवला, कारण हात सोडायची हिंमत नव्हती, "तो चालणारा. आपली फेरी पुरी होईपर्यंत तो थोडा पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला पन्नास मिनिटं लागतात. तो लेट होतच नाही! तो थांबत नाही, एवढंच."

आठवडाभर तिने वेळा लिहिल्या होत्या, आणि त्या वेळांमागे काय आहे ते पलंगावर पडलेल्या माणसाने एका मिनिटात सांगितलं. तिने मनातल्या मनात भागाकार केला. "दिवसाला पन्नास मिनिटं, म्हणजे साधारण एकोणतीस दिवसांनी तो पुन्हा संध्याकाळी सातच्या सुमारास शाळेवर येणार."

"येणारच. त्याची फेरी मोठी आहे." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "वाचलीस. कागद लिहायला नको." पण हरल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी व्यायामवाल्या बाई येऊन गेल्या. चौदा पावलं ऐकून त्यांनी डोळे मोठे केले, पण लगेच म्हणाल्या, "सुनेचा दंड धरून चालणं म्हणजे चालणं नव्हे. एकट्याने, नुसत्या वॉकरवर चाला. हा दंड आयुष्यभर पुरणार आहे का?" सासऱ्यांनी प्रयत्न केला. तिचा हात सुटताच गुडघे दुमडले आणि ते पलंगावर बसले. रात्री जेवले नाहीत धड. चंद्राचा विषय काढला तरी नुसतं हूं म्हणाले.

सोमवारची वेळ होती नऊ चाळीस. आणि सोमवारी नऊ चाळीसला घरात कुणीच नसायचं. नवरा पहाटेच गेलेला, ती साडेआठला निघणार, शेजारच्या काकू अकराला जेवण घेऊन येणार. निघताना तिने तक्ता पलंगासमोरच्या भिंतीला चिकटवला. 'सोमवार, ९.४०, चिमणीवर.' सासऱ्यांनी तो वाचला आणि भिंतीकडे कूस वळवली.

"काकू आल्या की त्यांच्याबरोबर जा हवं तर," ती म्हणाली.

"तेव्हा तो चिमणीवर असेल का?"

"नाही. बराच खाली गेलेला असेल."

"मग?" ते म्हणाले. तिने घड्याळ बघितलं, तिची बस आठ चौतीसची होती.

डेपोत तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नऊ पस्तीस झाले. नऊ चाळीस झाले. नऊ पन्नासला तिने घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. झोपले असतील. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. फोन तर त्यांच्या उशाशीच असतो! तिच्या डोळ्यांपुढे फ्रिजजवळचा बोळ आला, आणि त्या बोळात पडलेले सासरे. आपणच हा घाट घातला. कुठून तो तक्ता चिकटवायची दुर्बुद्धी झाली! एकट्या, घाबरलेल्या माणसाला हट्टाला पेटवलं आणि स्वतः इथे पंख्याखाली येऊन बसलो. पंख्याखाली! त्यांचा शब्द आठवून तिला रडू कोसळलं.

सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी मिनिटबाई खुर्चीवरून उठली. शेजारच्या टेबलावरचा कारकून चष्म्यावरून बघतच राहिला. "काय झालं? आग लागली का?" तिने उत्तर दिलं नाही, पर्स उचलली आणि निघालेली बस हात दाखवून थांबवली. वाटेत चार सिग्नल लाल लागले. चौथ्याला तिने सिग्नलला अशी शिवी हासडली की ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं.

घराजवळच्या कोपऱ्यावर बस वळली, तेव्हा तिला स्टॉपवर घोळका दिसला. आठ-दहा माणसं गोल करून उभी. बस पुरती थांबायच्या आत ती उतरली आणि लोकांना ढकलत आत घुसली.

आत सासरे होते. उभे. घरातला शर्ट, त्याची एक गुंडी खालच्या काजात, पायात एक चप्पल स्वतःची आणि एक मुलाची. भोवती शाळेला उशिरा निघालेली एक मास्तरीण, पिशवी घेतलेल्या दोन बाया, ओल्या हातांचा लाँड्रीवाला, आणखी कोण कोण, सगळे माना वर करून आभाळाकडे बघत होते.

"ही बघा, आली वेळापत्रकवाली!" सासरे तिला बघून कडाडले. "तुझ्या त्या नऊ चाळीसला खिडकीत काय होतं माहीत आहे? चादरी! या गृहस्थाने दवाखान्याच्या साठ चादरी गच्चीवर वाळत घातल्या. आभाळाचा तुकडा दिसेना. सोमवारी सकाळी तू कधी घरात असतेस का? बसल्या जागी लिहून मोकळी!"

"बाबा, फोन..."

"फोन कोण घेतो? मी खिडकीशी होतो! पाच मिनिटं वाट पाहिली. म्हटलं, चादर हलेल. नाही हलली. मग काय करणार? तो तिकडे आलेला असणार, मला ठाऊक होतं ना, आणि मी चादर बघत बसू? आलो बाहेर. उंबऱ्याशी जरा विचार करावा लागला." ते क्षणभर थांबले. "बराच करावा लागला. पण इथे बघ, काय मोकळं दिसतंय!"

तिने वर पाहिलं. लाँड्रीच्या गच्चीच्या वर, चादरींच्या रांगेच्या बाजूला, बरोबर अर्धा चंद्र होता. मास्तरीण म्हणाली, "मी रोज इथे उभी असते, कधी दिसलाच नाही." लाँड्रीवाला म्हणाला, "माझ्या डोक्यावर, आणि मलाच पत्ता नाही." एका बाईने विचारलं, "पण आजोबा, हा रोज इथेच असतो का हो?"

"रोज कसा असेल?" सासरे रंगात आले. "हे बघा. ही माझी मूठ म्हणजे बस." त्यांनी उजवी मूठ पुढे केली. "आणि ही डावी मूठ म्हणजे चालणारा माणूस." डावी मूठ त्यांनी उजवीच्या पुढे धरली आणि दोन्ही हात हवेत गोल गोल फिरवायला लागले. बाईला नीट दिसावं म्हणून एक पाऊल तिच्याकडे सरकले, मग आणखी एक. "बसची फेरी झाली, पण हा कुठे गेला? पुढे! त्याला गाठायचं, तर गाडी आणखी हाणा!"

मिनिटबाईने आधी त्या मुठी बघितल्या, मग वॉकर शोधला. दोन्ही हात हवेत होते. वॉकर मागे होता, स्टॉपच्या खांबाला टेकून, चांगला पाच-सहा पावलं मागे, आणि त्याची कुणालाही आठवण नव्हती. तिने ओरडायला तोंड उघडलं आणि झटकन मिटलं. एक अक्षर बोलली असती तर त्यांना कळलं असतं की आपण एकटे उभे आहोत. लाँड्रीवाला वॉकर आणायला निघाला होता, त्याचा ओला हात तिने पकडला आणि मानेनेच नको म्हटलं.

सासरे बोलत होते, हातवारे करत होते, या माणसाकडून त्या माणसाकडे जात होते. पुढची बस आली आणि निघून गेली, घोळक्यातलं कुणी चढलं नाही.

मधेच त्यांचं लक्ष सुनेकडे गेलं.

"अगं, खाली काय बघतेस? चंद्र वर आहे."

"बघतेय ना, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांच्या पायांकडेच बघत राहिली.